चांदी नसलेलं चांदीचं नाणं

जुन्या नाण्यांच्या एखाद्या डब्यात हे नाणं हाताला लागलं, तर बहुतेक जण ते बाजूला सारून पुढचं उचलतील. आपल्या बंद झालेल्या चार आण्यांहून थोडं लहान, वजन जेमतेम अडीच ग्रॅम, रंग तपकिरी, मधेमधे हिरवट पुटं. एका अंगाला लांब नाकाच्या, दाढीवाल्या माणसाचा चेहरा आणि त्याच्या डोक्यावर उभ्या काट्यांसारखा मुकुट. काठाने अक्षरं आहेत, पण ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे निम्मी अक्षरं नाण्याच्या बाहेरच राहिली आहेत. दुसऱ्या अंगाला कुठली तरी देवी उभी आहे. तिचे हातपाय म्हणजे चार-पाच रेघा.

हा चेहरा टेट्रिकसचा. इ.स. 271 ते 274 या काळात तो आजचा फ्रान्स, बेल्जियम, ऱ्हाईनकाठचा जर्मनी आणि ब्रिटन अशा मुलखाचा सम्राट होता. रोमच्या लेखी मात्र तो बंडखोर. नाणं दिसायला तांब्याचं असलं तरी त्याचं घराणं चांदीच्या नाण्यांचं आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी याच प्रकारच्या नाण्यात निम्मी चांदी असायची. टेट्रिकसच्या टांकसाळीतून बाहेर पडलेल्या शंभर ग्रॅम नाण्यांत एक ग्रॅम चांदी निघाली तरी पुष्कळ.

अशा नाण्याला आपण हिणकस म्हणतो. कस म्हणजे शुद्धता, हीण म्हणजे तिच्यात मिसळलेला हलका धातू. राजाने नाण्यात हीण का मिसळलं, असं विचारलं की लगेच उत्तर येतं: लोभ. मला हे उत्तर फार तोकडं वाटतं. टेट्रिकस किंवा त्याच्या आधीचे सम्राट लोभी नव्हते असा दावा मी करत नाही. पण लोभ सगळ्याच काळात असतो, आणि नाण्याचा कस काही सगळ्याच काळात असा कोसळत नाही. त्यामुळे आधी हिशोब मांडायला हवा.

रोमचं मूळचं चांदीचं नाणं म्हणजे डेनारियस. इ.स.पू. 211 च्या सुमारास ते सुरू झालं. आपल्याकडच्या संस्कृत ग्रंथांत आणि गुप्तकाळातल्या लेखांत येणारा ‘दीनार’ हा शब्द याच डेनारियसवरून आलेला. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात त्याचं वजन पावणेचार-चार ग्रॅम होतं आणि चांदी जवळजवळ निखळ. इ.स. 64 मध्ये नीरोने पहिला मोठा हात मारला. एका रोमन पौंडात पूर्वी 84 नाणी पाडत, त्याने 96 पाडायला लावली, आणि कसही थोडा उतरवला. दक्षिण भारतात, विशेषतः कोइंबतूरच्या आसपास, रोमन चांदीच्या नाण्यांचे साठे सापडतात. त्यांत ऑगस्टस आणि त्याच्यानंतरचा टायबेरियस यांच्या नाण्यांचाच भरणा असतो. नीरोनंतरची हलकी चांदी इथे फारशी दिसत नाही. मिरी विकून चांदी घेणाऱ्याला सम्राटाच्या चेहऱ्याचं काय कौतुक? त्याला चांदी हवी होती.

पुढच्या दीडशे वर्षांत कस पायरी-पायरीने उतरला. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात डेनारियसमधली चांदी निम्म्यावर आली. मग इ.स. 215 मध्ये त्याचा मुलगा कॅराकॅला याने एक नवंच नाणं काढलं. कॅराकॅलाच्या अधिकृत नावात ‘अँटोनिनस’ होतं, म्हणून आजचे अभ्यासक त्या नाण्याला अँटोनिनियानस म्हणतात. आपल्या टेट्रिकसच्या नाण्याचा हा थेट पूर्वज.

या नाण्यावरच्या सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांसारखा मुकुट असतो. सम्राज्ञीचं नाणं असेल तर तिच्या खांद्यांखाली चंद्रकोर. ही खूण शोभेसाठी नव्हती. रोमच्या पितळी नाण्यांतही दुप्पट किमतीच्या नाण्यावर किरणांचा मुकुट असे. म्हणजे निरक्षर माणसालाही कळावं की हे नाणं ‘दोन’चं आहे. अँटोनिनियानसची किंमत दोन डेनारियस होती, असं बहुतेक अभ्यासक मानतात. चांदी मात्र त्यात दीडच डेनारियसची होती. दोनचा शिक्का आणि दीडची चांदी. उरलेला अर्धा सरकारचा फायदा.

इथे क्षणभर थांबून नाण्याचं मूळ गणित बघू. समजा सरकारच्या खजिन्यात 100 ग्रॅम चांदी आहे. ऑगस्टसच्या पद्धतीने तिची साधारण 27 डेनारियस नाणी होतील. कॅराकॅलाच्या नव्या नाण्यात अडीच ग्रॅम चांदी लागायची, म्हणजे तेवढ्याच चांदीत 40 नाणी, आणि प्रत्येक नाणं दोनचं म्हणून दर्शनी किंमत 80 डेनारियस. टेट्रिकसच्या नाण्यात चांदी अडीच ग्रॅमच्या एक टक्का, म्हणजे 0.025 ग्रॅम. त्याच 100 ग्रॅममध्ये 4,000 नाणी, शिक्क्याची किंमत 8,000 डेनारियस. 27 वरून 8,000. खाणीतून एक कणही जास्त चांदी न काढता.

आकडे बघितले की ही जादूच वाटते. पण एवढी नाणी लागत कशाला होती?

सैन्याला. रोमन राज्याच्या रोख खर्चातला सगळ्यात मोठा वाटा सैनिकांच्या पगाराचा होता. ऑगस्टसच्या काळात लीजनमधल्या, म्हणजे रोमन सैन्याच्या मुख्य पलटणीतल्या, साध्या शिपायाला वर्षाला 225 डेनारियस मिळत. पहिल्या शतकाच्या अखेरीस डोमिशियनने ते 300 केले. त्यानंतर सेव्हेरसने पगार वाढवला, कॅराकॅलाने वाढवला, मॅक्सिमिनसने तर दुप्पट केला असं एक समकालीन लेखक सांगतो. सेव्हेरस इ.स. 211 मध्ये ब्रिटनमधल्या यॉर्कला वारला. मरताना त्याने दोन्ही मुलांना सांगितलं म्हणतात, की आपसांत नीट राहा, सैनिकांना श्रीमंत करा आणि बाकीच्यांची पर्वा करू नका. पहिला उपदेश कॅराकॅलाने वर्षभरातच भावाचा खून करून मोडला. दुसरा मात्र त्याने पाळला, आणि त्याच्यानंतर आलेल्या प्रत्येकाला तो पाळावाच लागला. पगाराशिवाय नवा सम्राट गादीवर आला की सैनिकांना रोख बक्षीस द्यावं लागे. तिसऱ्या शतकात सम्राट किती झपाट्याने बदलत होते ते पाहिलं, की हा खर्च किती वेळा पडत असेल ते कळतं.

दुसऱ्या बाजूला आवक आटत होती. इ.स. 165 पासून पसरलेल्या साथीने माणसं गेली. स्पेनमधल्या रिओ टिंटोसारख्या मोठ्या खाणींचं उत्पादन दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून घसरलं. कर वाढवायचा तर तो भरणारी गावं सीमेवरच्या टोळ्या लुटून नेत होत्या. कर्जरोखे काढून पैसा उभा करण्याची सोय रोमकडे नव्हती. खर्च थांबत नाही, जमा वाढत नाही आणि उधार कोणी देत नाही, अशा वेळी राज्यकर्त्याच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे टांकसाळ.

इ.स. 260 हे साल रोमसाठी अत्यंत वाईट ठरलं. सम्राट व्हॅलेरियन इराणचा शहेनशहा शापूर याच्या हाती जिवंत सापडला. रोमन सम्राट शत्रूचा कैदी होण्याची ही पहिलीच वेळ. त्याचा मुलगा गॅलिएनस पश्चिमेला होता, आणि एकाच वेळी चार दिशांना धावत होता. पूर्वेची बाजू वाळवंटातल्या पाल्मायरा शहराच्या सरदारांनी सांभाळली आणि हळूहळू आपलीच करून टाकली. पश्चिमेला ऱ्हाईनकाठी वेगळंच घडलं.

तिथल्या सैन्याचा सेनापती पोस्टुमस. जर्मन टोळ्यांची एक तुकडी लूट घेऊन परतत असताना त्याच्या माणसांनी ती गाठली आणि लूट परत मिळवली. ती आपसांत वाटूनही घेतली. ऱ्हाईनकाठच्या कोलोन शहरात गॅलिएनसचा कोवळा मुलगा सलोनिनस होता. त्याच्या वतीने कारभार बघणाऱ्या सिल्व्हानसने ती लूट जमा करा असा हुकूम काढला. सैनिक बिथरले. त्यांनी पोस्टुमसला सम्राट म्हणून घोषित केलं आणि कोलोनला वेढा घातला. शेवटी शहराने दोघांना त्यांच्या ताब्यात दिलं आणि दोघेही मारले गेले. एवढ्या मोठ्या राज्याची फाळणी एका लुटीच्या वाटणीवरून पेटली, हे मला फार बोलकं वाटतं. जो सैनिकांना पैसा देईल तो सम्राट, हे सूत्र इथे अगदी उघडं दिसतं.

गॉल (म्हणजे साधारण आजचा फ्रान्स आणि बेल्जियम), जर्मन प्रांत, ब्रिटन आणि स्पेन पोस्टुमसकडे गेले. आज आपण त्याला गॉलचं साम्राज्य म्हणतो. त्या लोकांनी ते नाव वापरलं नाही. ते स्वतःला रोमनच म्हणत होते. पोस्टुमसचे स्वतःचे कॉन्सल, म्हणजे रोमन पद्धतीचे सर्वोच्च अधिकारी, होते, नाण्यांवर लॅटिन मजकूर होता, देवही रोमन होते. फक्त तो रोमवर चाल करून गेला नाही. आपला मुलूख राखणं हेच आपलं काम, अशी त्याची भूमिका दिसते. त्याच्या एका नाण्यावर ‘गॉलला पुन्हा उभं करणारा’ अशी पदवी आहे, दुसऱ्या एका नाण्यावर ऱ्हाईन नदीचा देव पहुडलेला आहे आणि मजकूर आहे ‘प्रांतांचं क्षेम’. दूरच्या राजधानीला जमलं नाही ते आम्ही करतो आहोत, हे तो खिशाखिशात पोहोचवत होता.

आणि इथे नाण्याच्या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग येतो. फुटून निघालेल्या या राज्याचं नाणं सुरुवातीची काही वर्षं रोमच्या नाण्यापेक्षा चांगलं होतं! गॅलिएनसच्या नाण्यातली चांदी 260 ते 268 या आठ वर्षांत कोसळत दोन-तीन टक्क्यांपर्यंत आली. पोस्टुमसने मात्र साधारण 15 ते 20 टक्क्यांच्या आसपास कस धरून ठेवला. त्याच्या काळच्या नाण्यांवरचं कोरीवकामही देखणं आहे. हर्क्युलिस, जहाजं, समुद्रदेव, सगळं ठसठशीत. बंडखोराचं नाणं खोटं आणि राजधानीचं खरं, अशी कल्पना डोक्यात घेऊन बघाल तर फसाल. काही वर्षं गोष्ट नेमकी उलट होती.

मग 268 च्या आसपास त्याचाही हात सुटला. कस एकदम खाली आला. पुढच्याच वर्षी, 269 मध्ये, लेलियानस नावाच्या अधिकाऱ्याने माइन्झला बंड केलं. पोस्टुमसने ते मोडलं, पण शहर लुटायला सैनिकांना मनाई केली. त्याच्या स्वतःच्याच सैनिकांनी त्याला ठार मारलं. त्यानंतर मारियस, मग व्हिक्टोरिनस. याच काळात स्पेनने रोमच्या सम्राटाला मान्यता दिली, म्हणजे तिथल्या खाणीही हातच्या गेल्या. 271 च्या सुरुवातीला व्हिक्टोरिनसचा कोलोनमध्ये त्याच्याच एका अधिकाऱ्याने खून केला. त्याची आई व्हिक्टोरिया हिने सैन्याला मोठी रक्कम देऊन अ‍ॅक्विटानियाचा सुभेदार टेट्रिकस याच्यासाठी पाठिंबा मिळवला, असं चौथ्या शतकातला एक लेखक नोंदवतो. टेट्रिकस सिनेटर घराण्यातला, मुलकी माणूस. बोर्दोला त्याच्या नावाची द्वाही फिरली.

दोन-अडीच वर्षांत इतके सम्राट. प्रत्येकाच्या वेळी बक्षिसी. आता ते एक टक्का चांदीचं नाणं पुन्हा हातात घेऊन बघा.

असं नाणं बनवत कसं? तांबं, थोडं कथील, थोडं शिसं आणि चिमूटभर चांदी एकत्र वितळवायची, तिचे गोळे ओतायचे, ठोकून चकत्या करायच्या. मग चकती खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा मारायचा. चांदी वीस-पंचवीस टक्के असेपर्यंत टांकसाळीतल्या कारागिरांकडे एक सुंदर युक्ती होती. चकती तापवली की पृष्ठभागावरचं तांबं काळं पडतं. ती आंबट द्रावणात टाकली की हे काळं तांबं विरघळून जातं आणि वर चांदीची पातळ कात उरते. मग ठसा मारला की ती दबून चकचकीत होते. आपले सोनार चांदी उजळतात त्याच जातीचं हे काम. कल्हईवाला भांड्याला बाहेरून कथील लावतो. इथे बाहेरून काहीच लावलेलं नाही, आतलीच चांदी वर आणली आहे. म्हणूनच आजच्या अभ्यासकांनाही हे नाणं चकवतं. पृष्ठभागावर मोजलं तर चांदी भरपूर दिसते, खरी चांदी किती हे कळायला बारीक छिद्र पाडून आतला धातू तपासावा लागतो.

पण चांदीच एक-दोन टक्क्यांवर आली की ही युक्ती चालत नाही. वर आणायला आत काहीतरी असावं लागतं. मग बाहेरून पातळ मुलामा देणं एवढाच मार्ग उरतो. टेट्रिकसच्या बहुतेक नाण्यांवर आज तोही दिसत नाही.

बाजारातल्या माणसाने हे कसं सोसलं? आपल्या भाषेत खरं नाणं खणखणीत वाजतं आणि खोटं बद्द वाजतं. सराफ आधी नाणं आपटून आवाज ऐकतो. रोमन सराफही कान आणि नजर वापरतच होते. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस गावचा इ.स. 260 चा एक पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचा लेख, वाचला की त्या काळची बाजारपेठ डोळ्यांसमोर उभी राहते. तिथल्या सराफांनी सम्राटांचं नाणं घ्यावं लागू नये म्हणून पेढ्याच बंद केल्या होत्या. अधिकाऱ्याने हुकूम काढला, की पेढ्या उघडा आणि उघड-उघड बनावट असेल ते सोडून सगळं नाणं घ्या, नाहीतर शिक्षा होईल. इजिप्तमध्ये चलन वेगळं होतं आणि तो प्रदेश पोस्टुमसकडे कधीच नव्हता. पण असा हुकूम काढावा लागतो यातच सगळं आलं.

साधा माणूस काय करत होता तेही कळतं. हातात दोन नाणी आली, एक जुनं चांगलं आणि एक नवं हिणकस, आणि बाजारात दोन्हींची किंमत सारखीच धरली जात असेल, तर तो हिणकस नाणं खर्च करतो आणि चांगलं मडक्यात टाकतो. अर्थशास्त्रात याला ग्रेशमचा नियम म्हणतात. आपल्या आजी-पणजीला तो नियम नावाशिवाय ठाऊक होता. 1940 साली ब्रिटिश सरकारने रुपयातली चांदी सुमारे 92 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर आणली, तेव्हा जुने राणीछाप रुपये घरोघरच्या डब्यांत गेले आणि नवे बाजारात फिरत राहिले. गॉलमध्येही तेच झालं. पोस्टुमसची चांगली नाणी दडवली गेली किंवा वितळवली गेली, टेट्रिकसची फिरत राहिली.

एक गोष्ट मात्र सरधोपट सांगितली जाते आणि ती तपासून घ्यायला हवी. नाणं दहापट हिणकस झालं की भाव लगेच दहापट चढतात, असं आपण धरून चालतो. इजिप्तमधल्या पपायरसांवर गहू, दारू, गाढवं यांच्या किमतींच्या नोंदी टिकल्या आहेत. त्या बघता दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून साधारण 270 पर्यंत भाव बऱ्यापैकी जागेवर दिसतात. आणि मग 274-275 च्या सुमारास एकदम, सुमारे दहापट उसळी मारतात. म्हणजे इतकी वर्षं कस उतरत असूनही लोक शिक्क्यावर विश्वास ठेवून होते. नाण्याची किंमत चांदीत नव्हती, ती दुसरा माणूसही हे नाणं घेईल या भरवशात होती. आपल्या कागदी नोटेचं तरी वेगळं काय आहे? फरक इतकाच की नोट चांदी असल्याचा आव आणत नाही.

भरवसा मोडला नेमका तेव्हा, जेव्हा नाणं सुधारायला घेतलं गेलं. 270 मध्ये गादीवर आलेला ऑरेलियन हा खमका सेनापती. रोमच्या टांकसाळीतले कामगार फेलिसिसिमस नावाच्या अधिकाऱ्याच्या आश्रयाने चांदी खात होते, असा आरोप झाला. ते उठले आणि शहरातच लढाई पेटली. तिच्यात सात हजार सैनिक पडले असं जुने लेखक सांगतात. ऑरेलियनने ते मोडलं, पाल्मायराची राणी झेनोबिया हिला हरवलं आणि 274 मध्ये गॉलवर आला. शालोंच्या मैदानात टेट्रिकसचं सैन्य कापलं गेलं. टेट्रिकसने आधीच आतून संधान बांधलं होतं आणि ऐन लढाईत तो शरण गेला, अशी कथा आहे. जिंकलेल्याच्या बाजूने लिहिलेल्या कथेवर मी तरी डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही.

त्याच वर्षी रोमच्या विजयमिरवणुकीत झेनोबिया आणि टेट्रिकस दोघांनाही चालवलं. टेट्रिकसबरोबर त्याचा मुलगाही होता. वडिलांच्या राज्यात त्या पोराचीही नाणी निघाली होती, बिनदाढीच्या गुळगुळीत चेहऱ्याची. मिरवणुकीनंतर मात्र ऑरेलियनने टेट्रिकसचा जीव घेतला नाही. त्याला दक्षिण इटलीतल्या लुकानिया प्रांताचा कारभारी नेमलं. तिसऱ्या शतकात हरलेल्या सम्राटाला असं म्हातारपण क्वचितच मिळालं.

ऑरेलियनने नवं नाणं काढलं. जवळजवळ चार ग्रॅमचं, नीट मुलामा दिलेलं, आणि त्यावर रोमन आकड्यांत ‘वीस-एक’ अशी खूण. वीस भाग तांबं आणि एक भाग चांदी, असा तिचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. म्हणजे पाच टक्के चांदी, आणि ती लपवलेली नाही, नाण्यावरच छापलेली. मला हा प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो. पण या नव्या नाण्याची किंमत ठरताना जुन्याची किती राहिली, हा प्रश्न बाजारात उघडा पडला, आणि इजिप्तमधली ती भाववाढ याच सुमाराची आहे.

गॉल आणि ब्रिटनच्या खेड्यांत वेगळीच अडचण उभी राहिली. ऑरेलियनचं नाणं तिथे पुरेसं पोहोचलं नाही. बाजार तर रोजचा. सुट्टे नसले की आपल्याकडचा दुकानदार हातावर गोळ्या-चॉकलेटं ठेवतो. तिथल्या लोकांनी स्वतःच नाणी पाडली. टेट्रिकसचा चेहरा समोर ठेवून कोणा लोहाराने, कोणा ओताऱ्याने ठसे कोरले. लिहिता-वाचता न येणाऱ्याने कोरलेली अक्षरं म्हणजे नुसत्या उभ्या काठ्या. देवी काडीच्या बाहुलीसारखी. काही नाणी नखाएवढी, एक ग्रॅमही न भरणारी. यात चांदी शोधायची नाहीच. ही फसवणूक होती का? मला तसं वाटत नाही. एक टक्का चांदीच्या नाण्याची नक्कल करून मिळणार काय? ज्या सम्राटाचं राज्य बुडालं त्याच्या चेहऱ्याची चिल्लर गावाला हवी होती आणि गावाने ती केली. दहा-बारा वर्षं ती चाललीही.

आता मडक्यांकडे वळू, कारण या नाण्याचं खरं महत्त्व तिथे आहे. 1978 साली इंग्लंडच्या विल्टशरमध्ये, जुन्या कुनेटिओ गावाच्या जागी, 54,951 नाणी सापडली. 1985 मध्ये लिंकनशरमधल्या नॉर्मनबीला 47,909. 2010 मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ एकाच मडक्यात 52,503 नाणी, वजन सुमारे 160 किलो. अशा साठ्यांत गॉलच्या सम्राटांची नाणी हजारोंनी असतात. फ्रोमचं मडकं उत्खनन करणाऱ्यांनी थराथराने रिकामं केलं, तेव्हा सर्वांत उशिराची नाणी सर्वांत वर नव्हतीच. म्हणजे वर्षानुवर्षं थोडी थोडी टाकलेली ही गंगाजळी नव्हे, सगळी एकाच वेळी ओतलेली. तो देवाला वाहिलेला नवस असावा, असं काही अभ्यासकांचं मत आहे.

हे साठे टिकले कारण त्या नाण्यांत वितळवण्याजोगं काहीच नव्हतं. ऑगस्टसचं डेनारियस मुशीत गेलं, त्याचे दागिने आणि पुन्हा नाणी झाली. टेट्रिकसचं नाणं वितळवण्याचा सरपणाचा खर्चही निघाला नसता. हिणकस होतं म्हणून ते मातीत राहिलं, आणि मातीत राहिलं म्हणून आज आपल्याला काही माहीत आहे. गॉलच्या या राज्याचा इतिहास सांगणारं लिखाण फार थोडं आहे. जे आहे ते बहुतेक शंभर वर्षांनंतरचं, त्रोटक, आणि जिंकलेल्यांच्या बाजूचं. जर्मनीतल्या ऑग्सबर्गला 1992 मध्ये एक विजयाची वेदी सापडली. ती पोस्टुमसच्या अमलात उभारली होती. तिच्यावरचं त्याचं नाव नंतर छिन्नीने खरवडलेलं आहे. दगडावरचं नाव खरवडता येतं. पन्नास हजार नाण्यांवरचं कोण खरवडणार?

लोहाराचा सम्राट झालेला मारियस दोन-तीन दिवसच टिकला, असं जुनी पुस्तकं सांगतात. त्याची नाणी मोजली तर ते शक्य नाही. इतके ठसे कोरायला आणि इतकी नाणी पाडायला काही आठवडे तरी लागणारच. पुस्तकाची चूक नाण्याने दुरुस्त केली.

आणि शेवटी डोमिशियानस. 1900 साली फ्रान्समध्ये नांतजवळच्या ले क्लेऑं इथे नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या एका नाण्यावर नाव होतं ‘डोमिशियानस, सम्राट’. चेहरा त्याच काट्यांच्या मुकुटाचा, धाटणी गॉलच्या टांकसाळीची. पण या नावाचा सम्राट कुठल्याच यादीत नव्हता. ऑरेलियनविरुद्ध उठलेल्यांत एका डोमिशियानसचा नुसता नामोल्लेख होता, तेवढाच. अभ्यासकांनी मान हलवली. नाणं बनावट असणार, कोणीतरी जुन्या नाण्यावर अक्षरं बदलली असणार. ते बाजूला पडलं आणि शंभर वर्षं बाजूलाच राहिलं.

2003 मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशरमधल्या चालग्रोव्ह गावाजवळ एक मडकं निघालं. आत जवळजवळ पाच हजार नाणी, गंजाने एकमेकांना चिकटून एक ढेकूळ झालेलं. ब्रिटिश म्युझियममध्ये ती सुटी करताना एका नाण्यावर तेच नाव वाचायला मिळालं. फ्रान्समधल्या नाण्याशी ताडून पाहिलं तेव्हा दोन्ही नाणी एकाच ठशांच्या जोडीतून पाडलेली निघाली. एक ल्वार नदीच्या मुखाकडे पुरलेलं, दुसरं समुद्रापलीकडे. बनावटीची शंका तिथेच संपली. 271 मध्ये व्हिक्टोरिनसच्या खुनानंतर आणि टेट्रिकसचा जम बसण्याआधी हा माणूस काही दिवस, फार तर काही आठवडे सम्राट होता. त्याचा दुसरा कुठलाही चेहरा जगात नाही.

चालग्रोव्हचं ते नाणं आता ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. मागच्या अंगाला कॉन्कॉर्डिया ही एकीची देवी उभी आहे, आणि तिच्याभोवती अक्षरं आहेत ‘कॉन्कॉर्डिया मिलितुम’, म्हणजे सैनिकांची एकी.